संगणकातील शालेय दप्तराची दुसरी प्रत : बाह्य हार्ड डिस्कची निवड व मांडणी

प्राथमिक शाळेच्या कपाटात जनरल रजिस्टर ज्या काळजीने ठेवले जाते, त्या काळजीचे कारण प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. साठ वर्षांपूर्वी पहिलीत दाखल झालेल्या मुलाचा नातू आज जन्मतारखेच्या अथवा जातीच्या पुराव्यासाठी शाळेच्या दारात उभा राहतो, आणि त्या वेळी रजिस्टरातील एका ओळीवर त्याचे पुढील शिक्षण किंवा नोकरी अवलंबून असते. म्हणूनच रजिस्टर कुलपात राहते, त्यास वाळवी लागू नये म्हणून कपाट भिंतीपासून हात दोन हात दूर सरकविले जाते, आणि चार्ज देताना त्याची पृष्ठे मोजली जातात.

आता बऱ्याच शाळांतून हे दप्तर संगणकातही शिरले आहे. जुन्या रजिस्टरांच्या पानांची छायाचित्रे, निकालपत्रके, विद्यार्थ्यांच्या याद्या, शालेय पोषण आहाराचे हिशेब, शाळा व्यवस्थापन समितीचे इतिवृत्त, प्रश्नपत्रिका, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, वरिष्ठ कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार हे सारे संगणकाच्या पेटीत साठत जाते. परंतु कागदी रजिस्टराची जी काळजी घेतली जाते, तिचा दहावा हिस्साही या पेटीच्या वाट्यास येत नाही. संगणकातील हार्ड डिस्क ही झिजणारी वस्तू आहे आणि ती बंद पडण्यापूर्वी पूर्वसूचना देईलच असे नाही. काल उघडलेली फाइल आज उघडत नाही. दुरुस्तीसाठी पेटी तालुक्यास नेली तर कारागीर संगणक चालू करून देतो, परंतु आतील मजकूर देऊ शकत नाही. मजकूर परत काढून देणाऱ्या प्रयोगशाळा मोठ्या शहरांत आहेत, पण त्यांचा खर्च ऐकल्यावर शाळेच्या अनुदानात तो बसणार नाही हे तत्काळ ध्यानात येते.

यास उपाय एकच आणि तो अगदी जुना आहे : दुसरी प्रत. संगणकाच्या परिभाषेत तिला बॅकअप म्हणतात.

दुसरी प्रत कशास म्हणावे

येथे एक गैरसमज प्रथम दूर करावयास हवा. संगणकात ‘सी’ व ‘डी’ असे दोन विभाग दिसतात. पुष्कळ शिक्षक सी मधील फाइल डी मध्ये उतरवून ठेवतात आणि प्रत झाली असे समजतात. शालेय संगणकांत बहुधा ही दोन वेगळी कपाटे नसून एकाच कपाटाचे दोन कप्पे असतात. कपाट जळाले तर दोन्ही कप्पे जळतात. तेव्हा जी वस्तू संगणकापासून वेगळी काढून दुसऱ्या जागी ठेवता येते, तिच्यावर उतरविलेली प्रत हीच खरी दुसरी प्रत.

दुसरा गैरसमज इंटरनेटवरील साठ्याविषयी आहे. यू-डायस प्लस यांसारख्या सरकारी संकेतस्थळावर भरलेली माहिती सरकारी यंत्रणेत राहते हे खरे. पण तेथे मागितलेले रकानेच तेवढे राहतात, रजिस्टराच्या पानाचे छायाचित्र किंवा समितीचे इतिवृत्त राहत नाही. ड्राइव्ह या नावाने गूगल अथवा अन्य कंपन्या जी जागा देतात, ती उपयोगाची आहे. मात्र ती बहुधा आरशाप्रमाणे वागते. संगणकातील फाइल चुकून पुसली की तेथील फाइलही पुसली जाते. ती काही दिवस कचरापेटीत पडून असते, नंतर तीही जाते. वर्षाअखेरीस निकालपत्रक शोधू लागणाऱ्या शिक्षकास हे काही दिवस पुरत नाहीत. शिवाय ज्या गावी भ्रमणध्वनीस पुरेशी रेंज मिळत नाही, तेथे शंभर जीबी मजकूर इंटरनेटवरून चढविण्याची गोष्टच बोलावयास नको.

अमेरिकेतील छायाचित्रकार पीटर क्रो यांनी २००५ च्या सुमारास आपल्या व्यवसायबंधूंसाठी एक साधा नियम सांगितला, तो आज सर्वत्र मान्य झाला आहे. मजकुराच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत असावी. एका खेड्यातील शाळेस हा नियम अक्षरशः पाळणे कदाचित जड जाईल, तथापि त्यातील शेवटचा भाग, म्हणजे दुसऱ्या इमारतीचा, कोणीही सोडू नये. त्याचे कारण पुढे येईल.

साधनाची निवड

बाजारात या कामासाठी तीन प्रकारची साधने मिळतात. पेनड्राइव्ह सर्वांच्या परिचयाचा आहे. तो मजकूर नेण्या-आणण्यासाठी उत्तम, ठेवण्यासाठी नव्हे. तो हरवतो, कपड्यांबरोबर धुतला जातो, आणि त्यातील स्वस्त चिपा लवकर निकामी होतात. याहून महत्त्वाचे असे की शाळेचा पेनड्राइव्ह दाखले छापण्यासाठी झेरॉक्सच्या दुकानात जातो. तेथील संगणकात दिवसभर पन्नास पेनड्राइव्ह लागलेले असतात आणि एकाचा विषाणू दुसऱ्यास सहज चिकटतो. म्हणून असा दंडक घालून घ्यावा की छपाईसाठी जाणारे साधन निराळे आणि दप्तर राखणारे साधन निराळे. जी हार्ड डिस्क दप्तरासाठी घेतली, ती झेरॉक्सच्या दुकानाची पायरी कधीही चढणार नाही.

दुसरा प्रकार फिरत्या चकतीच्या बाह्य हार्ड डिस्कचा. पानसुपारीच्या लहान डब्याएवढ्या या पेटीत काचेच्या अथवा ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत चकत्या असतात व त्यांवर चुंबकीय थर असतो. बहुतेक लहान डिस्कमध्ये चकती मिनिटास ५,४०० फेरे, म्हणजे सेकंदास ९० फेरे घेते. मजकूर वाचणारे-लिहिणारे टोक चकतीला न टेकता तिच्यावर तरंगत असते. ते अंतर माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी असते. एवढे समजले म्हणजे चालू हार्ड डिस्क टेबलावरून हलवू नये, तीवर वही आपटू नये, ती मुलांच्या पायांत येईल अशी लोंबती वायर ठेवू नये, हे निराळे शिकवावे लागत नाही.

तिसरा प्रकार एसएसडीचा. हिच्यात फिरणारे काहीही नाही. मजकूर विद्युत्भाराच्या रूपाने चकतीविना साठविला जातो. ती वेगवान आहे, पडली तरी सहसा टिकते, आणि हातात धरून मोटारसायकलवरून नेण्यास निर्धास्त आहे. परंतु तेवढ्याच जागेसाठी तिला फिरत्या चकतीहून बरेच अधिक मोल पडते. दुसरे असे की, तिच्यातील विद्युत्भार हळूहळू गळतो. वापरून जुनी झालेली एसएसडी वर्षानुवर्षे विजेविना उष्ण कपाटात पडून राहिली तर मजकूर टिकण्याची खात्री नाही. दर महिन्यास जोडली जाणार असेल तर ही भीती बाळगण्याचे कारण नाही.

सामान्य शाळेने कोणती घ्यावी? बहुतेक शाळांस एक टीबीची फिरत्या चकतीची लहान हार्ड डिस्क योग्य ठरेल; त्याच पैशात कमी जागेची एसएसडी येत असेल व शाळेचा सारा मजकूर तिच्यात मावत असेल, तर डोंगराळ वाटेने ने-आण करणाऱ्या शिक्षकाने एसएसडी पसंत करावी. मोठ्या आकाराच्या साडेतीन इंची पेट्याही मिळतात, पण त्यांस वेगळा वीजपुरवठा लागतो. लहान अडीच इंची डिस्क मात्र संगणकाच्या यूएसबीमधूनच वीज घेते. विजेच्या लपंडावात ही दुसरी जातच सोयीची.

जागेचा हिशेब अवघड नाही. संगणकातील कागदपत्रे व छायाचित्रे मिळून किती जागा व्यापतात ते फोल्डरच्या गुणधर्मांत पाहावे, आणि त्याच्या दुपटी-तिपटीएवढी डिस्क घ्यावी. भ्रमणध्वनीने काढलेले छायाचित्र साधारण चार एमबीचे धरले तर एका टीबीत अडीच लाख छायाचित्रे मावतात. शाळेच्या पंचवीस वर्षांच्या स्नेहसंमेलनांसही ती पुरून उरतील. (येथे सातवीच्या वर्गास एक चांगले उदाहरण मिळते. विक्रेता १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट मोजतो. विंडोज मात्र १,०२४ ला तीन वेळा गुणून येणाऱ्या १०७,३७,४१,८२४ बाइटांस एक जीबी म्हणते. म्हणून नवी डिस्क जोडताच १,००० च्या ऐवजी सुमारे ९३१ जीबी दिसतात. दुकानदाराने फसविले असे समजून परत जाण्याचे कारण नाही. मुलांना हा भागाकार करून पाहू द्यावा.)

खरी फसवणूक निराळीच असते. काही रस्त्यावरील विक्रेते व काही ऑनलाइन जाहिराती १६ टीबीचा अंगठ्याएवढा पेनड्राइव्ह काहीशे रुपयांत देऊ करतात. असा पेनड्राइव्ह वस्तुतः ३२ किंवा ६४ जीबीचा असतो. त्याच्या आतील नियंत्रक संगणकास खोटा आकडा सांगतो. पहिल्या काही फाइली नीट बसतात, त्यामुळे घेणाराचा विश्वास बसतो, आणि खरी जागा भरली की पुढील मजकूर हवेत जातो किंवा आधीचा पुसून त्यावर लिहिला जातो. हे कित्येक महिन्यांनी उघडकीस येते. म्हणून डिस्क ओळखीच्या दुकानातून, छापील बिल घेऊन, हमीसह घ्यावी. बिल शाळेच्या नावे असावे. हमी ही डिस्क बदलून देण्याची असते, आतील मजकुराची नव्हे, हेही ध्यानात असावे.

वेगाविषयी थोडे. २००० साली आलेल्या यूएसबी २.० च्या खाचेतून प्रत्यक्षात सेकंदास सुमारे ३० एमबी मजकूर जातो. २००८ साली आलेल्या यूएसबी ३.० च्या खाचेतून फिरत्या चकतीची डिस्क सुमारे १०० एमबी घेऊ शकते. १२० जीबी मजकूर उतरविण्यास पहिल्या खाचेतून सव्वा तासास थोडा कमी, तर दुसरीतून वीस मिनिटे लागतात. बारीक बारीक फाइली हजारोंनी असतील तर दोन्हीकडे वेळ वाढतो. यूएसबी ३.० ची खाच बहुधा आतून निळी असते. जुन्या संगणकाच्या पुढील खाचांस वीज अपुरी पडून डिस्क टकटक करीत थांबते असा अनुभव येतो. अशा वेळी मागील बाजूची खाच वापरावी आणि डिस्कबरोबर आलेली आखूड वायरच वापरावी. लांब वायर सोयीची वाटते, पण तिच्यात वीज गळते.

नवी डिस्क आल्यावर

डिस्क शाळेत आल्याबरोबर तिची नोंद जडवस्तू नोंदवहीत करावी, तिच्यावर शाळेचे नाव व क्रमांक न पुसणाऱ्या शाईने लिहावे, आणि मगच ती संगणकास जोडावी. प्रथमच तीवर मजकूर उतरवू नये. आधी तिची परीक्षा घ्यावी.

फिरत्या चकतीच्या डिस्कसाठी परीक्षेचा सोपा मार्ग म्हणजे पूर्ण फॉरमॅट. विंडोजमध्ये डिस्कच्या चित्रावर उजवी कळ दाबून ‘फॉरमॅट’ निवडावे. तेथे ‘क्विक फॉरमॅट’ पुढील खूण काढून टाकावी. अशाने संगणक चकतीच्या प्रत्येक भागावर लिहून पाहतो आणि नादुरुस्त भाग असल्यास बाजूस काढतो. एक टीबीच्या डिस्कला यास तीन तास वा अधिक वेळ लागतो, तेव्हा हे काम सकाळी लावावे आणि वीज जाण्याची शक्यता असल्यास इन्व्हर्टरवर किंवा लॅपटॉपवर करावे. पेनड्राइव्ह अथवा एसएसडी खरोखर सांगितल्याएवढी मोठी आहे काय हे पाहण्यासाठी ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ नावाचा विनामूल्य जर्मन कार्यक्रम आहे. तो रिकामी जागा भरून काढतो व लिहिलेले परत वाचून पाहतो. लिनक्सवर तेच काम ‘एफ-थ्री’ करतो.

फॉरमॅट करताना पद्धत विचारली जाते. येथे बहुतेकांचा गोंधळ होतो. ‘फॅट-३२’ ही जुनी पद्धत चार जीबीहून मोठी फाइल घेत नाही. स्नेहसंमेलनाचे तासाभराचे चित्रीकरण तेथेच अडते. ‘एक्सफॅट’ मोठ्या फाइली घेते आणि विंडोज, मॅक व लिनक्स तिन्हींवर चालते, परंतु लिहीत असताना वीज गेली तर तीस सावरण्याची सोय नाही. ‘एनटीएफएस’ आपल्या प्रत्येक हालचालीची टाचणी आधी ठेवते आणि मध्येच खंड पडल्यास ती टाचणी वाचून स्वतःस सावरते. केवळ विंडोज असलेल्या शाळेने एनटीएफएसच निवडावी. नाव देताना ‘प्रत-१’ असे साधे व कायमचे नाव द्यावे. दुसरी डिस्क घेतल्यास ती ‘प्रत-२’.

यानंतरची पायरी अनेक ठिकाणी गाळली जाते, ती कुलपाची. शाळेच्या मजकुरात मुलांची नावे, पत्ते, आधार क्रमांक, पालकांच्या बँक खात्यांचे क्रमांक असतात. कागदी रजिस्टर कोणी उचलून नेले तर सर्वांच्या दृष्टीस पडेल. मुठीत मावणारी डिस्क एस. टी. च्या आसनावर विसरली तर कळणारही नाही. २०२३ साली संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात मुलांच्या माहितीविषयी विशेष काळजी सांगितली आहे. विंडोजच्या प्रोफेशनल आवृत्तीत ‘बिटलॉकर’ हे कुलूप असते; होम आवृत्तीत बाह्य डिस्कला नवे कुलूप घालता येत नाही, परंतु घातलेले उघडता येते. ते नसेल तर ‘व्हेराक्रिप्ट’ हा विनामूल्य कार्यक्रम वापरावा. कुलूप मजकूर उतरविण्यापूर्वीच घालावे. परवलीचा शब्द विसरला तर कोणतीही कंपनी, कोणताही कारागीर ते उघडू शकत नाही; म्हणून बिटलॉकर जो ४८ अंकांचा पुनःप्राप्तीचा क्रमांक देतो तो कागदावर छापून, पाकिटात बंद करून, मुख्याध्यापकांच्या कुलपातील कपाटात ठेवावा. डिस्कबरोबरच ते पाकीट ठेवणे म्हणजे कुलपास किल्ली लटकावून ठेवणे होय.

काय उतरवावे, कसे उतरवावे

विंडोज अथवा अन्य कार्यक्रम यांची प्रत घेण्याची आवश्यकता नाही. ते पुन्हा मिळतात. जे शाळेनेच निर्माण केले आणि जगात दुसरीकडे कोठेही नाही, तेच उतरवावे. बहुतेक फाइली ‘डॉक्युमेंट्स’ व ‘डेस्कटॉप’ येथे असतात, पण शोध घेतल्यास काही ‘डाउनलोड्स’ मध्ये आणि काही डी विभागात विखुरलेल्या आढळतात. प्रत घेण्याच्या निमित्ताने ‘शाळा’ नावाचा एकच फोल्डर करून त्यात शैक्षणिक वर्षाप्रमाणे पोटविभाग पाडले, तर पुढील सर्व काम सोपे होते. शिक्षकांच्या भ्रमणध्वनीतील छायाचित्रे विसरू नयेत. आजकाल उपक्रमांचा, पोषण आहाराचा, बांधकामाच्या प्रगतीचा पुरावा तेथेच असतो आणि शिक्षकाची बदली झाली की तो त्याच्या खिशातून निघून जातो.

मराठी शाळांच्या बाबतीत एक विशेष अडचण आहे व तिचा उल्लेख संगणकाच्या इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. दहा-वीस वर्षांपूर्वीचा पुष्कळ मराठी मजकूर युनिकोडमध्ये नसून श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी अशा फाँटांत टंकलिखित झालेला आहे. या फाँटांत ‘क’ च्या जागी आत कोणते तरी इंग्रजी अक्षर लिहिलेले असते आणि फाँट त्यास क चे रूप देतो. संगणक बदलला, फाँट गेला, की जपून ठेवलेली प्रश्नपत्रिका इंग्रजी अक्षरांच्या व चिन्हांच्या खिचडीसारखी दिसू लागते. प्रत शाबूत असते आणि तरी वाचता येत नाही. म्हणून जुना संगणक चालू आहे तोवरच त्यातील फाँटच्या फाइली निराळ्या फोल्डरात उतरवून घ्याव्या, आणि महत्त्वाच्या प्रत्येक जुन्या कागदाची पीडीएफ करून ती मूळ फाइलीशेजारी ठेवावी. पीडीएफमध्ये अक्षरांची रूपे बहुधा आतच बांधली जातात. नवे लेखन युनिकोडमध्येच करावे. एखाद्या शाळेने या लेखातील अन्य काहीच केले नाही आणि एवढेच केले, तरी जुन्या मजकुराचा मोठा भाग वाचेल.

उतरविण्याच्या दोन रीती आहेत. पहिली हाताने : महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ‘शाळा’ हा संपूर्ण फोल्डर डिस्कवर नव्या नावाने ठेवावा. नावात वर्ष आधी, महिना नंतर लिहावा, म्हणजे ते आपोआप क्रमाने लागतात. जागा भरत आली की मधल्या महिन्यांच्या प्रती काढून टाकाव्या, परंतु प्रत्येक वर्षाच्या एप्रिल अखेरची प्रत कायम ठेवावी. दुसरी रीत विंडोजमधील ‘फाइल हिस्टरी’ या साधनाची. कंट्रोल पॅनेलमधून ते एकदा चालू केले की डिस्क जोडल्यावर ते बदललेल्या फाइलीच तेवढ्या उतरवून घेते आणि जुन्या आवृत्त्याही राखते. मात्र ते ठरावीक फोल्डरच पाहते. ‘शाळा’ हा फोल्डर ‘डॉक्युमेंट्स’ च्या आत असल्याची खात्री करून घ्यावी. उबंटू वापरणाऱ्या शाळांस ‘बॅकअप्स’ या नावाचे साधन अशाच कामाचे आहे. ज्या शिक्षकास संगणकाचा फारसा सराव नाही त्याने पहिली रीत धरावी. तीत काय झाले आणि काय राहिले हे डोळ्यांनी दिसते.

काम संपताच डिस्क काढून घ्यावी. येथे ‘काढणे’ म्हणजे वायर ओढणे नव्हे. पडद्याच्या कोपऱ्यातील चिन्हावरून ती ‘सुरक्षितपणे’ काढण्याची आज्ञा द्यावी, चकती थांबेपर्यंत दहा-पंधरा सेकंद थांबावे व मग वायर सोडवावी. डिस्क कायम जोडून ठेवण्यात आळसाची सोय आहे, पण धोका मोठा आहे. २०१७ च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने जगभरच्या संगणकांतील फाइली कुलूपबंद करून पैसे मागितले. असा विषाणू संगणकास जोडलेली प्रत्येक डिस्क आपलीच मानतो. मूळ फाइल आणि प्रत दोन्ही एकाच वेळी जातात. विजेच्या दाबाचा झटका बसला तरी तोच परिणाम. कपाटात ठेवलेल्या डिस्कपर्यंत यांपैकी काहीच पोहोचत नाही.

दुसरी इमारत

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा व पंचगंगेच्या पुराचे पाणी सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील गावांत शिरले. जुलै २०२१ मध्ये चिपळूण व महाड पाण्याखाली गेले. अशा वेळी संगणक टेबलावर आणि डिस्क त्याच खोलीच्या कपाटात असेल, तर प्रत असून नसल्यासारखीच. पूर जेथे येत नाही तेथे चोरी, आग, गळके छप्पर ही आहेतच. म्हणून शक्य असल्यास दोन डिस्क घ्याव्या. एक शाळेत, दुसरी केंद्रशाळेत किंवा मुख्याध्यापकांच्या घरी उंच जागी. दर महिन्यास त्यांची अदलाबदल करावी. एकच डिस्क परवडत असेल तर ती शाळेत न ठेवता बाहेर ठेवावी आणि प्रत घेण्याच्या दिवशीच आणावी. ती घरी नेण्यापूर्वी कुलूप घातलेले असलेच पाहिजे, आणि ती कोणाकडे आहे याची नोंद हालचाल नोंदवहीत असावी.

कोकणातील दमट हवेत डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. पत्र्याच्या छपराखाली उन्हाळ्यात तापणाऱ्या कपाटाचा वरचा कप्पा टाळावा. थंडीत अथवा पावसात बाहेरून आणलेली डिस्क लगेच जोडू नये. अर्धा तास खोलीच्या हवेत राहू द्यावी.

परत काढून पाहणे

घेतलेली प्रत उघडून पाहिल्याखेरीज ती प्रत आहे असे धरू नये. १९९८ साली अमेरिकेतील पिक्सार या चित्रपटसंस्थेत ‘टॉय स्टोरी २’ चे काम चालू असताना एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या फाइली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. संस्थेजवळ प्रती घेण्याची व्यवस्था होती. परंतु त्या प्रती परत काढू लागल्यावर असे आढळले की ती व्यवस्था कित्येक दिवस नीट चालत नव्हती, आणि हे कोणाच्याही लक्षात आले नव्हते. अखेर तांत्रिक दिग्दर्शिका गेलिन सुसमन यांच्या घरी काम वाचले. घरी तान्हे मूल असल्यामुळे त्या घरून काम करीत व त्यांच्या संगणकात चित्रपटाची बरीच ताजी प्रत होती. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून, मोटारीत घालून, हळूहळू संस्थेत आणण्यात आला. कोट्यवधींची साधने असलेल्या संस्थेस जी प्रत उपयोगी पडली ती दुसऱ्या इमारतीतील होती, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

शाळेसाठी तपासणीची रीत साधी आहे. प्रत्येक सत्रात एकदा डिस्क दुसऱ्याच संगणकास, उदाहरणार्थ केंद्रशाळेच्या संगणकास जोडावी; परवलीचा शब्द पाकिटातील कागदावरून वाचून टाकावा, म्हणजे कागदही तपासला जातो; आणि निरनिराळ्या वर्षांच्या दहा फाइली उघडून पाहाव्या. एक छायाचित्र, एक निकालपत्रक, एक जुन्या फाँटातील कागद, एक चित्रीकरण असे वेचून घ्यावे. जे उघडले नाही त्याची मूळ फाइल अद्याप संगणकात असतानाच नवी प्रत घ्यावी. ‘क्रिस्टल-डिस्क-इन्फो’ हा विनामूल्य कार्यक्रम डिस्कची प्रकृती दाखवितो. त्यात पिवळी सूचना दिसली, डिस्क टकटक करू लागली, किंवा पूर्वी मिनिटात होणारे काम दहा मिनिटे घेऊ लागली, तर दुरुस्तीच्या फंदात न पडता त्याच दिवशी दुसरी डिस्क मिळवावी. तक्रार नसली तरी पाच वर्षांनंतर एकट्या जुन्या डिस्कवर विसंबू नये. तिला दुय्यम प्रतीचे काम द्यावे.

मुख्याध्यापकांची बदली झाली म्हणजे चार्जाच्या यादीत डिस्कची संख्या व क्रमांक, परवलीच्या पाकिटाची जागा आणि शेवटची प्रत घेतल्याची तारीख या तीन गोष्टी लिहाव्या. नव्या मुख्याध्यापकांनी यादीवर सही करण्यापूर्वी डिस्क आपल्या समक्ष उघडून घ्यावी व त्यानंतर परवलीचा शब्द बदलून नवे पाकीट करावे. निकामी झालेली डिस्क भंगारात देण्यापूर्वी ती चालू असेल तर पूर्ण फॉरमॅट करावी. चालू नसेल तर पेटी उघडून चकतीस भोके पाडावी. एसएसडी असेल तर तीतील चिपाच फोडाव्या. नंतरच जडवस्तू नोंदवहीतील निर्लेखनाच्या रकान्यात तिची नोंद घ्यावी.